शेजारच्या मैदानाची शिट्टी

त्या घरात बाप आणि धाकटी मुलगी एकमेकांशी थेट बोलत नसत. दोघांचं बोलणं थोरलीमार्फत चाले. जेवायच्या टेबलाशी तिघं हाताच्या अंतरावर बसत, पण मीठ मागायचं तरी थोरलीला मध्ये घ्यावं लागे.

"तुझ्या बहिणीला सांग, सरावाला वेळेवर यायचं."

"तुझ्या सरांना सांग, मी त्यांच्या आधी पोचले होते. कुंपणाबाहेर उभी होते, कारण किल्ली त्यांच्या खिशात असते."

थोरलीनं मान हलवली की निरोप पोचला असं धरलं जाई. नाही हलवली तर दोघंही तिच्याकडे बघत थांबत, जणू तार मध्येच तुटली आहे. त्यांची आई शाळेची बस चालवायची. ती म्हणायची, "माझ्या बसमध्ये दुसरीतली पोरं एकमेकांना ढकलतात, चावतात, पण निदान तोंडानं भांडतात. तुम्हाला एकदा बसवते त्यांच्यात."

बाप दिवसा बाटल्या भरण्याच्या कारखान्यात फोरमन होता आणि संध्याकाळी मुलींच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक. मैदानावर तो सगळ्यांचा सर. थोरलीसाठी घराच्या उंबऱ्यावर सरांचे बाबा होत. धाकटीसाठी ते कुठेच बाबा राहिले नव्हते. 'तुझे सर' एवढंच.

संघानं त्यांना फूटपट्टी असं नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना राग आला नव्हता. "फूटपट्टीनं रेघ सरळ येते," असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि खरोखरच सरावाच्या वेळी ते मैदानावर पिवळ्या फिती लांबवर अंथरून पाच गल्ल्या पाडत. जिची जी गल्ली, तिनं त्यातच पुढेमागे पळायचं. चेंडू आला की थांबवायचा आणि द्यायचा. खेळवत बसायचं नाही. "पट्ट्यावरची बाटली पट्ट्यावर राहिली तर भरते," ते सांगत. "उडी मारली तर फुटते."

याला हसणाऱ्या मुलीही एक गोष्ट मान्य करत. बाबा येण्याआधी हा संघ म्हणजे दुसऱ्यांनी येऊन गोलांची हौस भागवून घ्यायची जागा होती. आता याच संघाविरुद्ध एक गोल करायचा तरी समोरच्यांच्या तोंडाला फेस येई. गोलकीपर पूर्वी चेंडू आला की डोळे मिटायची. तिला बाबांनी असं उभं केलं की आता सगळे तिला भिंत म्हणत.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं होतं, ती म्हणजे शिट्टी. एक आखूड, एक लांब. ती ऐकू आली की जी जिथे असेल तिथे थांबायची. पाय उचललेला असला तर टेकवायचा आणि थांबायचं. स्टिक जमिनीला, नजर समोर, घामसुद्धा पुसायचा नाही. मग बाबा सावकाश मैदानात शिरत, एकेकीजवळ जात आणि स्टिकच्या टोकानं टर्फवर जागा दाखवत. "तू इथे आहेस. तुला इथे असायला हवं होतं." मुली याला पुतळा म्हणत.

पुतळ्यात कुणी हललं तर एकच प्रश्न येई. "कुणी सांगितलं हलायला?" उत्तराची सोय नव्हती. हललेली मुलगी मैदानाच्या मध्यावर उभी राही आणि बाकीचा अख्खा संघ तिच्याभोवती फेऱ्या मारी. गोलकीपर पॅडांसकट. शिक्षेची ही रीत बाबांनी फार विचार करून काढली होती. हलणाऱ्या मुलीला रागवायचं काम त्यांना मग करावंच लागत नसे.

धाकटी हलायची. एकटी तीच हलायची.

त्या शनिवारी तेच झालं. धाकटीनं तिसऱ्या गल्लीत घुसून तिथल्या मुलीचाच चेंडू घेतला, दोघींना चुकवून ती गोलसमोर पोचली, स्टिक मागे गेली आणि शिट्टी झाली. स्टिक पुढे आली. चेंडू भिंतीच्या पॅडाशेजारून जाळीत गेला आणि जाळीमागच्या पत्र्यावर खणकन वाजला.

"कुणी सांगितलं हलायला?"

संघ पळाला. तिसऱ्या फेरीत भिंत मध्यावर उभ्या असलेल्या धाकटीसमोर धापा टाकत थांबली.

"तुझ्या हौसेपायी मी पॅड घालून पळते. उद्या असं केलंस ना, तर चेंडू सोडून तुझ्या नडगीवर मारीन."

"मार की. निदान काहीतरी मारशील."

थोरली कप्तान होती. तिनं भिंतीला दंडाला धरून पुन्हा फेरीत लावलं आणि बहिणीकडे बघितलंही नाही. पळताना तिला बहिणीचा मनापासून राग आला होता, आणि तो राग बरोबर आहे याची तिला खात्री होती.

सराव संपल्यावर बाबांनी फिती गुंडाळता गुंडाळता तिला हाक मारली. धाकटी शेजारीच बूट सोडत होती.

"तुझ्या बहिणीला सांग, उद्या बाकावर बसायचं."

थोरलीनं तोंड उघडलं.

"ऐकलं," धाकटी बुटाकडे बघत म्हणाली. "मी हलते. बहिरी नाही."

उद्या म्हणजे साधा उद्या नव्हता. मोठ्या शिबिरासाठी मुली निवडणाऱ्या बाई उद्याचा सामना बघायला येणार होत्या. या स्पर्धेतून त्या एकीलाच नेणार होत्या, आणि शिबिराची वयाची अट थोरली यंदाच ओलांडणार होती. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नव्हतं. ती हातात स्टिक धरायला लागली तेव्हापासून बाबा तिला सांगत आले होते, "तू माझं ऐक. बाकीचं मी बघतो." तिनं ऐकलं होतं. मैत्रिणींनी तिला चमची म्हटलं, बहिणीनं त्याहून वाईट म्हटलं, तरी तिनं एकही रेघ कधी ओलांडली नव्हती. आता बाबांनी बाकीचं बघायची वेळ आली होती.

दोघी बहिणींची खोली एकच होती. मध्ये कपड्यांची दोरी, त्यावर ओले मोजे. संध्याकाळी थोरली स्टिकची पकड नव्या पट्टीनं बांधत बसली होती.

"खूश असशील," धाकटी म्हणाली.

"कशाला?"

"बाई एकीला नेणार. दुसरी बाकावर. तुझ्या सरांनी रस्ता झाडून ठेवलाय तुझ्यासाठी."

"तू थांबली असतीस तर खेळली असतीस. एवढं साधं आहे."

"चेंडू गोलसमोर, स्टिक हवेत, आणि थांबायचं? असं माणूस थांबतं होय?"

"मी थांबते."

"तू खेळतेस कुठे? तू चौकात उभी राहून वाहतूक सांभाळतेस. ही गाडी इकडे, ती गाडी तिकडे."

थोरलीनं पट्टी ओढून घट्ट केली. "माझ्यामुळे किती गोल वाचलेत, माहितीय तुला?"

"माहितीय. आणि तुझ्यामुळे झाले किती?" धाकटी उठून बसली. "लहानपणी तू आईची बस आणि भिंत यांच्या मधल्या बोळातनं चेंडू काढायचीस. स्टिक उलटी करून. मी पायरीवर बसून बघायचे आणि रडायचे, की मला हे कधी जमणार नाही. मी जे करते ते तुझंच बघून शिकलेय, बावळट. आणि तू ते टाकून दिलंस."

"टाकलं नाही. गरज नव्हती."

"कुणी सांगितलं गरज नाही?"

थोरलीनं पट्टीचं उरलेलं टोक दातानं तोडलं. ती म्हणाली, "मोजे धू तुझे. खोलीत बसवत नाही."

सामन्याच्या दिवशी दोन्ही मैदानांवर एकाच वेळी खेळ लावला होता. एरवी असं होत नसे. पलीकडच्या भागातलं एक मैदान दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून तिथला मुलांचा सामना शेजारी आला होता. मध्ये फक्त उंच जाळी. नाणेफेकीच्या वेळी अंपायरबाईंनी दोन्ही कप्तानांना बजावलं, "शेजारची शिट्टी ऐकू येईल. तिच्याशी तुमचा संबंध नाही. आम्ही थांबवलं तरच थांबायचं. आपापल्या मुलींना सांगा." थोरलीनं येऊन संघाला जसंच्या तसं सांगितलं. बाबांनीही मान डोलावली. "ऐकलंत ना? लक्ष इथे."

निवडणाऱ्या बाई पायऱ्यांवर सगळ्यात वर बसल्या होत्या. करडं जाकीट, आखूड केस. हातात काही नाही. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या आणि कुणाशी बोलतही नव्हत्या.

पहिला अर्धा खेळ बाबांच्या मनासारखा झाला. दोन्हीकडे एकेक गोल झाला होता. थोरलीकडून काही म्हणता काही निसटलं नाही. चेंडू आला, थांबवला, दिला. समोरचा संघ चांगला होता आणि वैतागला होता. त्यांची सेंटर फॉरवर्ड, वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली उंच मुलगी, दर वेळी थोरलीपाशी येऊन अडकायची. "तुला घरी काही काम नाही का गं?" ती एकदा दात ओठ खात म्हणाली. थोरलीला हे शाबासकीसारखं वाटलं. तिनं पायऱ्यांकडे बघितलं. बाई जाळीपलीकडचा मुलांचा सामना बघत होत्या.

थोरलीनं पुढचा चेंडूही थांबवला, दिला. तिनं नंतर पुन्हा बघितलं. बाई अजून तिकडेच बघत होत्या.

मधल्या सुट्टीत ती बाबांजवळ गेली. "त्या बघतच नाहीयेत."

"तू तुझी गल्ली सांभाळ. चांगला खेळ दिसतोच."

"बाबा, दिसत नाहीये."

"मैदानावर सर म्हणायचं."

खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात उजवीकडच्या फॉरवर्डच्या पोटरीत गोळा आला. ती बसलीच. बाबांनी बाकाकडे बघितलं. आघाडीला खेळू शकणारी एकच मुलगी तिथे उरली होती आणि ती आधीच उभी राहून दातांचा गार्ड तोंडात घालत होती. बाबा तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या डोक्यावरून त्यांनी मैदानात ओरडून सांगितलं, "तुझ्या बहिणीला सांग, उजवी गल्ली! रेघ ओलांडायची नाही!"

समोरच्या संघातल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. "यांच्या घरी फोन नाही वाटतं," वेणीवाली म्हणाली.

धाकटीनं अर्थातच रेघ ओलांडली. पाच मिनिटं झाली नसतील, ती डाव्या टोकाला दिसली. तेवढ्यात मध्यावर थोरलीकडे चेंडू आला. तिनं थांबवला. द्यायला उजवीकडे बघितलं तर उजवी गल्ली रिकामी. डावीकडे दोघी जणी एकाच जागी, त्यातली एक तिची बहीण, आणि वेणीवाली समोरून सुटलेल्या बाणासारखी येत होती. तिसरा रस्ता नव्हता. थोरलीनं बहिणीला मनातल्या मनात शिवी हासडली आणि स्टिक उलटी केली.

चेंडू वेणीवालीच्या स्टिकखालून निघाला. थोरली तिच्या दुसऱ्या बाजूनं पुढे गेली तेव्हा तो तिथे होताच. पुढची धावून आली. तिलाही तसंच काढलं, या वेळी नेहमीच्या बाजूनं. हातांनी काही विचारलं नाही. बस आणि भिंत यांच्यामधल्या बोळाएवढी जागा दोन मुलींच्या मध्ये होती आणि थोरली तिच्यातून बाहेर पडली. पुढे अर्धं मैदान मोकळं होतं. फक्त गोलकीपर आणि एक बॅक. बाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. थोरलीला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

आणि शिट्टी झाली. एक आखूड, एक लांब.

ती शेजारची होती. हे थोरलीला त्याच क्षणी कळलं. आवाज जाळीच्या बाजूनं आला होता. तिच्या सामन्याच्या अंपायरबाई समोर होत्या आणि त्यांची शिट्टी गळ्यात लोंबत होती. तिला ती लोंबणारी शिट्टी स्वच्छ दिसत होती. पाय थांबले. स्टिक जमिनीला, नजर समोर.

तिच्या मागे सगळ्या थांबल्या होत्या. हाफ, बॅक, गोलरेषेवर भिंत. जिथल्या तिथे, जशाच्या तशा.

वेणीवालीसुद्धा क्षणभर गोंधळली. तिनं अंपायरबाईंकडे बघितलं. त्यांनी हातानं खूण केली, खेळा. मग ती आली आणि थोरलीच्या स्टिकसमोरचा चेंडू, टेबलावरची वस्तू उचलावी तसा, घेऊन गेली.

"खेळा! अगं खेळा! मेलात का सगळ्या?" धाकटी डाव्या टोकाकडून ओरडत पळत आली. ती एकटीच पळत होती. उभ्या मुलींना वळसे घालत ती आपल्या गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत पोचली, शेवटी अंग झोकून दिलं, पण चेंडू तोवर जाळीत होता. भिंतीनं पॅडसुद्धा उचललं नव्हतं.

अंपायरबाईंनी गोल दिला. नियमानं दुसरं काही देताच येत नव्हतं.

बाबा रेषेपर्यंत धावत आले होते. त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता.

"कुणी सांगितलं थांबायला?"

 अकरा जणी त्यांच्याकडे बघत होत्या. मग गोलरेषेवरून हसण्याचा आवाज आला. भिंत हसत होती. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं, आणि बराच वेळ थांबलंही नाही.

उरलेल्या वेळात धाकटीनं गल्ल्याबिल्ल्या सोडून दिल्या. मिळेल तो चेंडू घेऊन ती एकटीच घुसत राहिली. एकदा तिघींना चुकवलं आणि चौथीपाशी चेंडू गमावला. त्या वेळी थोरली गोलसमोर एकटी, मोकळी उभी होती, स्टिक आपटून चेंडू मागत होती. धाकटीनं तिला बघितलं होतं. बघूनही दिला नाही. शेवटी शेवटी तिचा एक फटका खांबाला लागून बाहेर गेला, आणि सामना तिथेच संपला. हरले.

बाई खाली आल्या. आधी त्या थोरलीपाशी थांबल्या.

"थांबलीस का?"

"शिट्टी झाली."

"शेजारची होती ती."

"माहीत होतं."

बाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "त्याच्या आधी जे केलंस, ते कुठे शिकलीस?"

"आईच्या बसशेजारी."

बाई हसल्या नाहीत. त्या पुढे बाबांकडे गेल्या. थोरली बूट बांधायच्या निमित्तानं तिथेच वाकली. सगळं ऐकू येत होतं.

"धाकटीला पाठवा."

"ती कुणाचं ऐकत नाही," बाबा म्हणाले. "आज बहीण मोकळी असताना पास दिला नाही. दिला असता तर सामना वाचला असता. बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं. घाणेरडी सवय आहे. ती मोडता येईल. तुमच्या थोरलीची मोडायला वर्ष जाईल, आणि तिच्याकडे वर्ष नाही."

"थोरलीला मी घडवलंय."

"दिसतंय," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

परतीसाठी संघ आईच्याच बसमध्ये चढला. आई गाडी चालवत होती. बाबा तिच्या मागच्या सीटवर, मांडीवर फितींची गुंडाळी. थोरली त्यांच्या शेजारी, कारण कप्तानाची जागा तीच होती. धाकटी एकटी मध्यावर आणि बाकीचा संघ सगळा मागे. अर्ध्या रस्त्यात मागून कुणीतरी तोंडानं शिट्टी काढली. एक आखूड, एक लांब. सगळ्या फिदीफिदी हसल्या. पुन्हा शिट्टी. या वेळी हसणं मोठं झालं.

बाबा वळले नाहीत. त्यांच्या मानेची शीर तेवढी उडत होती.

आईनं आरशातून बघितलं. "आता कुणी शिट्टी मारली तर इथेच उतरवीन. चालत जा घरी."  मग ती नवऱ्याला, समोरच्या काचेकडे बघतच म्हणाली, "आणि तुम्ही काही बोलणार आहात का? की तुम्हालाही कुणी सांगायला हवं?"

बाबांनी घसा साफ केला. ते थोरलीकडे वळले.

"तुझ्या बहिणीला सांग, तिची निवड झाली."

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते वाट बघत होते. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. निरोप होता, पोचवायचा होता.

ती मागे वळली. "तुझी निवड झाली," ती म्हणाली.

धाकटीनं खिडकीबाहेरची नजर आत वळवली. आधी बहिणीकडे बघितलं, मग बापाच्या टाळूकडे. "तुझ्या सरांना सांग," ती म्हणाली आणि थांबली.

"काय सांगू?"

"काही नाही."

पुढचे दोन दिवस बाबांनी सराव ठेवला नाही. घरात निरोपही चालले नाहीत, कारण थोरली टेबलाशी जेवायलाच बसत नव्हती. ताट घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची. आई एकदा येऊन उभी राहिली, तिच्या ताटात वाढून गेली.

बुधवारी संध्याकाळी, उन्हं अजून पत्र्यावर असताना, धाकटी खोलीत बॅग भरत होती. थोरली दारात आली.

"सरांची शिट्टी आण. खुंटीवर आहे."

"कशाला?"

"आण. आणि मागे ये."

मागच्या अंगणात बस उभी होती. बस आणि भिंत यांच्यामध्ये तोच बोळ. थोरलीनं एका टोकाला चेंडू ठेवला. "मी निघाले की वाजव. मध्येच कधीही. मला सांगू नकोस."

धाकटीला कळायला वेळ लागला नाही. कळल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. "मी काही तुझी मास्तरीण नाही."

"उद्या सुटणार आहेस इथून. आज काम कर."

थोरली निघाली. धाकटीनं शिट्टी वाजवली. थोरली थांबली. चेंडू एकटाच पुढे गेला.

"पुन्हा," धाकटी म्हणाली.

ती पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही. धाकटीला आता चव लागली होती. बापाचा आवाज तिला हुबेहूब काढता येई. "कुणी सांगितलं थांबायला?"

"तू नुसती वाजव."

"बाईंना सांगायचं होतंस ना, थोडं थांबा, मी अजून थांबलेय."

"त्या दिवशी मला पास दिला असतास तर बाईंना काही सांगावंच लागलं नसतं."

"दिला असता तर तू परत थांबली असतीस."

थोरलीनं स्टिक भिंतीवर आपटली. चुन्याचा पोपडा पडला.

"बसला लावू नकोस, आई सोलून काढील," धाकटी म्हणाली. "चल. पुन्हा."

बाबा कारखान्यातून आले तेव्हा हे चाललं होतं. डबा हातात, कामाचे कपडे अंगावर, ते बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. किती वेळ बघत होते कोण जाणे. शिट्टी त्यांची होती, आवाज त्यांनी रस्त्यावरूनच ओळखला असणार. ते पुढे आले आणि त्यांनी हात पसरला.

"तुझ्या बहिणीला सांग, शिट्टी दे."

धाकटीनं गळ्यातली दोरी काढली. सवयीप्रमाणे तिनं शिट्टी बापाच्या हातात दिली नाही, थोरलीच्या हातात दिली.

शिट्टी गरम आणि थोडी ओली होती. समोर बाबांचा पंजा, मशीनच्या तेलाचे काळे चट्टे पडलेला. थोरलीनं तो बघितला. मग ती वळली आणि तिनं शिट्टी पुन्हा धाकटीच्या हातात ठेवली.

"वाजव."

"अगं, ते..."

"त्यांना काही सांगायचं असेल तर ते सांगतील. तू वाजव."

ती बोळाच्या टोकाला गेली, चेंडू घेऊन निघाली. बाबा बाजूला झाले नाहीत. बोळाच्या दुसऱ्या तोंडाशी ते उभेच होते. अर्ध्यावर शिट्टी झाली. एक आखूड, एक लांब. थोरलीचा डावा पाय जागीच रुतला. उजवा उचललेला होता. तो टेकला, पण एक पाऊल पुढे, वेडावाकडा, आणि तोल जाताना स्टिक फिरली. चेंडू बाबांच्या बुटाला घासून बसच्या चाकाकडे गेला.

"कुणी सांगितलं हलायला?" बाबांच्या तोंडून निघून गेलं.

थोरलीनं भिंतीला धरून स्वतःला सावरलं. तिचा गुडघा खरचटला होता.

"कुणीच नाही," ती म्हणाली, आणि चेंडू काढायला बसखाली वाकली.